दातांनी ऐकलेलं

आसूदच्या चढावर, तिसऱ्या वळणाला
गाडी आधी खोकल्यासारखी हलली,
मग पाय दाबावा तितकी ढिली पडत गेली
आणि पोफळींच्या सावलीत
गप्प.

मागे एकवीस क्रेट बांगडा, वर चार सुरमया.
बर्फाचं पाणी फाळक्याच्या फटीतून ठिबकत
उताराला लागलं होतं, हर्णैकडे, परत.

आठवडाभर हेच.
अर्धा तास थांबलं की सुरू होते,
दोन वळणं चढते, पुन्हा बसते.
भावोजी म्हणाले, डिझेलात पाणी असेल.
डिझेलवाला म्हणाला, फिल्टर.
फिल्टर बदलला, साडेसातशे गेले.
सासूबाई म्हणाल्या, पुढचं लिंबू सुकलंय.
तेही बदललं.

याकूब मुकादम स्कूटरवरून आला, पाजपंढरीहून.
पिशवीत पाने, तारेला जोडलेला एक बल्ब,
लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर.
पंचवीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी झोपला,
डावा कान त्यात गेला, उजव्यात थोडं उरलंय,
तेही आपण ओरडलो तर.
आणि ओरडलेलं त्याला आवडत नाही.

"चावी फिरव. स्टार्टर मारू नको."
फिरवली. समोरचे दिवे लागले.
तो पाठीवर गाडीखाली सरकला,
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टाकीला टेकवलं
आणि मूठ दातांत धरली.

बोटानं खूण केली: परत.
परत.
वरून एसटी गेली, ती मी ऐकली.
टाकीतून मला काहीच ऐकू येत नव्हतं,
आणि तो तेच, ते काहीच-नाही,
चव घेतल्यासारखं तपासत होता.

फ्यूज पाहिला. हॉर्नचा रिले काढून तिथं लावला.
टाकीजवळच्या तारेला बल्ब धरला:
लागला, लख्ख.
"वीज पोचत्येय. घेणाराच घेत नाय."
मग टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याची एक थाप,
तान्ह्याला ढेकर यावी म्हणून देतात तेवढीच.

घूंऽऽ

दातांत मूठ असलेल्या माणसाला हसता येत नाही.
तो डोळ्यांनी हसला.

"पंप गेलाय. थापा मारत दापोली गाठशील.
खेड नाय."

दापोलीत मिळेल त्या भावाला बांगडा सोडला.
तो भाव इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्र्याखाली
बॅटरीची तार सुटली, टाकी उतरली.
पट्ट्यांचे बोल्ट खाऱ्या वाऱ्यानं असे धरलेले
की एक तुटलाच.
झाकणाची रिंग त्यानं पितळी छिन्नीनं फिरवली.
लोखंडाची का नाही, विचारलं,
तर चुटकी वाजवून दोन्ही हातांनी भडका दाखवला.

पंप बाहेर आला. मुठीएवढा.
गाळणीवर काळा साका, मोरीच्या जाळीवर बसतो तसा.
टाकीत उरलेलं डिझेल मोजलं:
साडेतीन लिटर.
"नेहमी एवढंच?"
मी म्हणाले, दोनशेचं टाकते. कधी तीनशेचं.
मासा विकला की पुढचं.
तो फडक्याला हात पुसत राहिला.
"डिझेलात बुडून तो थंड रहातो, बाय.
तू त्याला उघडा ठेवलास."

रागानं बोलला नाही. म्हणूनच लागलं.
गाडीला मी रोज धुतलं, हळद-कुंकू लावलं,
आणि आत कुणीतरी
कोरड्यावर फिरत होतं.

नवा पंप, नवी रबरी रिंग, टाकी वर.
स्टार्टरआधी तीनदा नुसती चावी, लाइन भरायला.
चावीला तो स्वतः बसला
आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला.
मुठीवर त्याच्या दातांची खाच.
ओढणीला पुसली, खाली सरकले, चावली.

लाकूड, डिझेल, थोडं मीठ.
आणि मग जबड्यातून कानामागं चढत गेलेलं
एक बारीक, न थकलेलं गुणगुणणं.
मी मान हलवली. त्याला दिसली असावी,
कारण वरून आवाज आला,
"बस. तेवढंच आयकायचं."

आता काटा पावच्या खाली येऊ देत नाही.
जमेल तेवढे दिवस.